कर्नल एक, मंडळं अनेक

२०२०च्या डिसेंबरात सगळं जग लशीकडे डोळे लावून बसलं होतं, त्याच सुमारास पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच सर्व्हर रूममध्ये सुतक पाळलं जात होतं. ८ डिसेंबरला बातमी आली, की सेंटओएस ८ ही लिनक्सची आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ला बंद होणार. ती २०२९पर्यंत चालेल असं आधी ठरलेलं होतं. तिच्याआधीची सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे जून २०२४पर्यंत राहणार होती. म्हणजे ज्यांनी कंटाळा करून जुनंच ठेवलं त्यांना साडेतीन वर्षं मिळाली, आणि ज्यांनी हौसेनं, वेळेवर, रविवारी ऑफिसात येऊन नवं बसवलं त्यांच्या वाट्याला एक आलं. कामसू माणसाला शिक्षा आणि आळशाला बढती हा नियम फक्त सरकारी कचेऱ्यांत चालतो अशी माझी तोवर समजूत होती.

सेंटओएस म्हणजे काय, हे अकाउंट्सच्या मॅडमना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात सॉफ्टवेअरची मॅन्युअलं मी लिहितो, त्यामुळे ज्याला जे कळत नाही ते त्याला सांगायची जबाबदारी माझी असा एक संकेत आहे. मी सांगितलं, की रेड हॅट ही कंपनी लिनक्सची एक पक्की आवृत्ती विकते आणि ती दहा वर्षं सांभाळते. विकते म्हणजे सपोर्ट विकते. सोर्स कोड उघडा असतो. २००४पासून काही मंडळी तोच कोड घेऊन, त्यावरचं रेड हॅटचं नाव आणि टोपी पुसून, पुन्हा कंपाइल करून फुकट वाटत होती. तेच सेंटओएस. २०१४मध्ये रेड हॅटनं या मंडळींना आपल्या छत्राखाली घेतलं आणि २०१९मध्ये आयबीएमनं खुद्द रेड हॅटलाच ३४ अब्ज डॉलरना विकत घेतलं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं.

"आपण याचे वर्षाला किती भरत होतो?"

"काहीच नाही."

"मग बंद झालं तर आपलं गेलं काय?"

ताळेबंद बिनचूक होता. तरी साहेबांनी मीटिंग बोलावली. विषय, नवीन ऑपरेटिंग सिस्टिमची निवड. निकष साहेबांनी स्वतःच फळ्यावर लिहिले. एक, परफॉर्मन्स. दोन, ॲडमिनिस्ट्रेशनची सोय. "दोनच निकष आहेत, अर्ध्या तासात उरकू," असं म्हणून त्यांनी चहा सांगितला. इतिवृत्त लिहायला मी होतोच.

आता ज्यांचा लिनक्सशी संबंध आलेला नाही त्यांना प्रश्न पडेल, की लिनक्स निवडलं की झालं, त्यात पुन्हा निवड कसली? निवड अशी, की १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिहायला घेतला तो फक्त कर्नल, म्हणजे गाभा. नुसत्या गाभ्यावर काही चालत नाही. त्याभोवती बाकीचा संसार मांडून जो देतो त्याची ती डिस्ट्रो. गणपती एकच, मंडळं गल्लोगल्ली. मूर्ती तीच असते. पण मांडव कुठल्या तोंडानं घालायचा, आरती किती वाजता आणि वर्गणीचं पुस्तक कुणाच्या खिशात, यावरून मंडळं निराळी होतात. १९९३मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन मंडळं स्थापन झाली, ती अजून आहेत. डेबियनच्या मांडवातून २००४मध्ये उबुंटू निघालं, उबुंटूच्या मांडवातून दोन वर्षांनी मिंट. २०१४मध्ये डेबियनात सिस्टिमडी नावाच्या प्रकरणावरून वाद झाला. मशीन सुरू होताना कुठली सेवा कशी उठवायची, एवढाच मुद्दा. त्यावर मतदान झालं, राजीनामे झाले, आणि नाराज गटानं डेवुआन नावाचं वेगळं मंडळ काढलं. हे वाचून पेठेतल्या कुठल्याही कार्यकर्त्याला गहिवरून येईल.

आमच्या मीटिंगलाही मंडळांचे प्रतिनिधी हजर होते. डेबियनतर्फे काका. काका निवृत्तीला आलेले. नव्या आवृत्तीची तारीख विचारली, की डेबियनवाले 'तयार होईल तेव्हा येईल' असं सांगतात, आणि सांगतात तसंच वागतात. जुलै २००२मध्ये एक आवृत्ती आली, तिच्यानंतरची थेट जून २००५मध्ये. पुण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या धोरणाचं काय नवल? आपलं आवडतं मंडळ इतकं गंभीर असूनही आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' या कार्टून सिनेमातल्या खेळण्यांवरून ठेवतं, ही गोष्ट काका बाहेरच्यांना सांगत नाहीत. डेबियनच्या कायम अस्थिर शाखेचं नाव सिड आहे. सिनेमात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा तो. माझ्या मते संगणकाच्या व्यवसायात एवढं प्रामाणिक नाव दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

उबुंटूतर्फे टेस्टिंगमधली एक मुलगी होती. तिनं कॉलेजात असताना उबुंटूची सीडी मागवली होती. मार्क शटलवर्थची कॅनॉनिकल कंपनी त्या काळी जगभरात घरपोच, पोस्टखर्चासकट फुकट सीड्या पाठवायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या होस्टेलांत लिनक्स आलं ते असं, पोस्टमनच्या हातून. २०११मध्ये ते बंद झालं, पण निष्ठा उरली. तिचं म्हणणं साधं होतं. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये लांब मुदतीची आवृत्ती येते, ती पाच वर्षं सांभाळतात, आणि काहीही अडलं तरी आपल्याआधी दहा हजार लोकांचं तेच अडलेलं असतं. शेवटचा मुद्दा मला फार पटला. समाजात राहायचं ते याचसाठी.

तिसरा एक नवा पोरगा होता, आर्चवाला. तो आर्च वापरतो हे मला कसं कळलं म्हणता? त्यानंच सांगितलं. नाव सांगायच्या आधी सांगितलं. आर्चमध्ये आवृत्ती असा प्रकारच नाही. रोज नवं येत राहतं आणि रोज घेत राहायचं. अपग्रेड करण्याआधी मुख्य पानावरच्या सूचना वाचाव्यात असा त्यांचा दंडक आहे. म्हणजे पोरगा सकाळी वर्तमानपत्र वाचत नाही, पण कुठलं पॅकेज कुणाशी भांडतंय हे रोज वाचतो. आर्चची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांच्या विकीइतकं स्वच्छ तांत्रिक लेखन दुसरीकडे क्वचित सापडतं. मी स्वतः काकांना ते वाचताना पाहिलंय. मी मागून आल्याची चाहूल लागताच त्यांनी खिडकी बदलली आणि स्क्रीनवर शेअर बाजार आणला.

जर्मनीत स्थायिक झालेला एक जुना सहकारी व्हिडिओ कॉलवरून सुझेची बाजू मांडणार होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. साहेबांनी मध्येच सी-डॅकच्या बॉस लिनक्सची चौकशी केली. ती डेबियनवरूनच बेतलेली आहे हे कळल्यावर काका सुखावले, आणि काका सुखावले म्हणून बाकीच्यांनी विषय पुढे ढकलला.

परफॉर्मन्सचा निकष पहिला होता. आर्चवाल्या पोरानं त्याची तयारी करून आणली होती. एकाच मशीनवर एकामागून एक डिस्ट्रो बसवून त्यानं फायली दाबणं, कोड कंपाइल करणं, डेटाबेस ठोकून काढणं असल्या चाचण्या लावल्या होत्या, आणि त्यांचे रंगीत आलेख भिंतीवर झळकत होते. एक पट्टी आभाळाला टेकलेली, दुसरी जमीनदोस्त. साहेब प्रभावित झाले. काकांनी चष्मा पुसला आणि आलेखाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नव्हता, पंच्याण्णवपासून होत होता. शून्यापासून काढायला लावल्यावर सगळ्या पट्ट्या शाळेच्या कवायतीला उभ्या राहिल्या.

आणि व्हायचं तेच झालं होतं. आत कर्नल तोच, कंपायलर तोच, प्रोसेसर तर आमचाच. फरक पडतो तो बारीकसारीक निवडींचा. कर्नल किती ताजा घेतला, पॅकेजं बांधताना प्रोसेसर निदान कुठल्या पिढीचा असेल असं धरलं, सीपीयूचा गव्हर्नर मुळात वीज वाचवण्याकडे ठेवला की पळत सुटण्याकडे. यातली शेवटची गोष्ट तर कुठल्याही डिस्ट्रोत एका ओळीत बदलता येते. पण एका ओळीत मिटणाऱ्या गोष्टीसाठी प्रोजेक्टर कोण लावणार?

निव्वळ वेगासाठी घडवलेली डिस्ट्रोही होऊन गेली. इंटेलची क्लिअर लिनक्स. चाचण्यांत ती वारंवार पहिली यायची, प्रतिस्पर्धी एएमडीच्या प्रोसेसरवरसुद्धा. जुलै २०२५मध्ये इंटेलनं ती बंद केली. तिच्यावर पगारपत्रक चालवणारं ऑफिस मला कधी भेटलं नाही. तिच्या उलट टोकाला अल्पाइन. कंटेनरमध्ये घालायची तिची मूळ प्रत पाच-सात एमबीची असते, आणि एवढीशी आहे म्हणजे चपळ असणारच, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तिच्यातली सी लायब्ररी निराळी आहे, आणि अनेक थ्रेड एकाच वेळी मेमरी मागू लागले, की ती चांगलीच रेंगाळते. अंगानं बारीक माणूस कामाला उरकाचा असतोच, असं थोडंच आहे?

साहेबांचे एक कन्सल्टंट मित्र जेंटूवाले निघाले. जेंटूत तयार पॅकेजं घेणं कमीपणाचं. सगळं आपल्या मशीनवर, आपल्या प्रोसेसरच्या मापानं कंपाइल करून घ्यायचं. त्यांनी तारुण्यात ओपनऑफिस कंपाइल करायला टाकून रात्ररात्र पंख्याचा आवाज ऐकलेला आहे. सकाळी ते अर्धा सेकंद लवकर उघडायचं. तो अर्धा सेकंद रोज साठवला तर ती रात्र किती वर्षांनी भरून निघते, हे गणित मी त्यांना विचारणार होतो, पण त्यांचं वय बघून गप्प बसलो.

इतका वेळ आमचा सिस्टिम ॲडमिन दाराजवळच्या खुर्चीत बसून मोबाइलवर काहीतरी करत होता. हा इचलकरंजीचा. ऑफिसातले सगळे सर्व्हर त्याच्या भरवशावर चालतात, म्हणून त्याला मीटिंगला बोलावलेलं नव्हतं. तो प्रोजेक्टर जोडायला आला होता. साहेबांनी सौजन्य म्हणून त्याचं मत विचारलं.

"सर, स्लो हाय ते लिनक्स न्हाई. महिनाअखेरचा रिपोर्ट स्लो हाय. त्या टेबलाला इंडेक्सच न्हाई. तेवढा टाकला की हुतंय सगळं झ्याक."

खोलीत शांतता पसरली. ही सूचना विषयाला धरून नसल्यामुळे इतिवृत्तात घेऊ नये असं ठरलं. शिवाय ते टेबल साहेबांनी स्वतः डिझाइन केलेलं होतं.

दुसरा निकष सोयीचा. सोयीचं मोजमाप करायला आलेख नसतो, त्यामुळे या निकषावर प्रत्येकजण जिंकला. काका म्हणाले, डेबियन सभ्य आहे. अपग्रेड करताना तुम्ही हातानं बदललेली फाइल भेटली तर परस्पर पुसत नाही, 'तुमची ठेवू की माझी घालू?' असं विचारतं आणि उत्तर येईपर्यंत थांबतं. ॲडमिन म्हणाला, थांबतं हेच तर दुखणं. रात्री अपग्रेड लावून घरी जावं आणि सकाळी येऊन बघावं, तर ते एका फाइलपाशी अदबीनं उभं असतं.

सोयीवर बोलताना सुरक्षेचा विषय निघणं अटळ होतं. रेड हॅटच्या घराण्यात एसइलिनक्स नावाचा पहारेकरी असतो. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीनं तो घडवला आणि २०००च्या डिसेंबरात जगाला उघडा करून दिला. कुठला प्रोग्राम कुठल्या फाइलीला हात लावू शकतो याचे तो काटेकोर नियम लावतो. इतके, की नवं सॉफ्टवेअर बसवल्यावर ते चाललं नाही, तर ॲडमिन लोक आधी पहारेकऱ्याला झोपवतात आणि मग बाकीचं बघतात. त्याची झोपेची कमांड ज्याला पाठ नाही असा ॲडमिन मी पाहिला नाही; उठवायची कमांड मात्र बऱ्याच जणांना शोधावी लागते. जगातल्या एका बलाढ्य हेरखात्याचं काम 'सध्यापुरतं बंद ठेवलंय' या तीन शब्दांपुढे हात टेकतं, याचा मला एक नागरिक म्हणून थोडा अभिमानच वाटतो.

मग अपटाइमचा विषय. आपला सर्व्हर रीस्टार्ट न होता किती दिवस चालू आहे, हे सांगताना भल्याभल्यांचा आवाज बदलतो. काकांनी आपला जुना किस्सा सांगितला. त्या काळच्या ३२ बिटांच्या लिनक्समध्ये सेकंदाला शंभर टिचक्या मोजणारा आकडा ४९७ दिवसांनी भरून जायचा आणि पुन्हा शून्यावर यायचा. मशीन चालूच, पण अपटाइम शून्य. त्या दिवशी काकांनी म्हणे जेवण टाकलं होतं. पोरानं विचारलं, "म्हणजे ४९७ दिवस तुम्ही कर्नलचा एकही सिक्युरिटी पॅच लावला नव्हता?" काकांनी चहा गार झाल्याची तक्रार केली.

अर्ध्या तासाची मीटिंग त्या दिवशी संपली नाही, त्या आठवड्यातही नाही. प्रत्येक निकषाला भार देऊन गुणांचा तक्ता करायचं ठरलं. भार बदलला की विजेता बदलायचा, त्यामुळे भारावर उपसमिती नेमली. उपसमितीत मी होतो. माझं मत कुठल्याच बाजूला नाही हीच माझी पात्रता. दरम्यान, सेंटओएसची जागा घ्यायला दोन नवी मंडळं उभी राहिली. मार्च २०२१मध्ये अल्मालिनक्स आलं, जूनमध्ये रॉकी. रॉकी काढणारे ग्रेगरी कर्त्झर मूळ सेंटओएसच्या संस्थापकांपैकी. रॉकी हे नाव त्यांनी आपल्या दिवंगत सहकाऱ्यावरून ठेवलं. दोघांचा दावा एकच, की आम्ही हुबेहूब रेड हॅट, आणि फुकट. तक्त्यात दोन रकाने वाढले. साहेबांनी अहवाल तयार करायला सांगितला. आम्ही तो केला, चांगला जाड केला, आणि निर्णयाची ओळ तेवढी कोरी ठेवून ॲडमिनला विचारलं, बदल करायला किती दिवस लागतील.

"करून टाकलंय की सर. अल्मा. मागच्या शनवारी."

"सगळे सर्व्हर?"

"व्हय. त्यांची स्क्रिप्टच हाय, जाग्यावर बदलती. कुणाला कळलंबी न्हाई."

खरंच कळलं नव्हतं. पोरानं त्यानंतरही त्याच सर्व्हरवर चाचण्या घेऊन सेंटओएस मंद असल्याचा आलेख काढला होता. साहेबांनी मग जरा कडक आवाजात अल्माच का, असं विचारलं. परफॉर्मन्स पाहिला का? इतर पर्याय पाहिले का?

"कमांडी त्याच हैत सर. रात्री दोनला फोन आला तर डोळं न उघडता टाइप करता येत्यात."

एवढं एकच कारण अहवालात घालणं शोभलं नसतं. आम्ही निर्णयाच्या कोऱ्या ओळीत अल्मालिनक्स लिहिलं आणि तक्त्यातले भार मागे जाऊन असे दुरुस्त केले, की दुसरं काही निवडणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य व्हावं. अहवालाचं कौतुक झालं. पुढे जून २०२३मध्ये रेड हॅटनं आपला सोर्स कोड ग्राहकांपुरता ठेवायचं जाहीर केलं. अल्मानं हुबेहूबपणाचा हट्ट सोडून फक्त सुसंगत राहायचं ठरवलं, रॉकीनं निराळी वाट धरली, आणि आमची उपसमिती पुन्हा कामाला लागली. तिचं काम चालू आहे.

निवडीचा खरा कस लागला तो त्यानंतर. ॲडमिनच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. तो गावी गेला, आणि त्याच रविवारी ऑफिसची वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला, पण नेटवर्क काही उठेना. साहेब धरून आम्ही पाचजण धावत पोचलो. काकांनी खुर्ची ओढली आणि नेटवर्कची फाइल डेबियनात जिथं असते तिथं पाहिली. तिथं ती नव्हती. मुलीनं उबुंटूत जिथं असते तिथं पाहिली. फोल्डरच नव्हतं. पोरानं बोटांच्या सवयीनं आर्चची कमांड ठोकली. मशीननं अशी कुणी इथं राहत नाही असं कळवलं. तिघांचा मिळून लिनक्सचा अनुभव पन्नाशीच्या घरात, आणि समोर कर्सर लुकलुकतोय. शेवटी फोन लावला. पलीकडे सनई आणि 'पंगत बसवून घ्या' असा घोष.

"काका, लिवा. एन एम सी एल आय."

"सावकाश! एन कुठला, एम कुठला?"

"एन नागपूरचा. एम मिरजेचा. सी... सी साताऱ्याचा."

"साताऱ्याचा एस होतो रे!"

"मग चिपळूणचा घ्या. एल लातूरचा. आय इचलकरंजीचा. मग स्पेस. सी ओ एन, स्पेस, यू पी, स्पेस, आणि कनेक्शनचं नाव."

नेटवर्क उठलं, पण वेब सर्व्हर त्याची वाट पाहून आधीच आडवा झाला होता. त्याला उठवायची कमांड सिस्टिमसीटीएल. म्हणजे सिस्टिमडीची. काकांचा हात कीबोर्डवर थबकला. २०१४पासून या प्रकरणाला त्यांनी आपल्या बोटांचा विटाळ होऊ दिला नव्हता. घरचं मशीन त्यांनी डेवुआनवर नेलं होतं.

"लिवलं का, काका? इकडं अक्षता वाटायला लागलेत!"

काकांनी आमच्याकडे न बघता ते टाइप केलं आणि एंटर मारलं. पान उघडलं. साहेबांनी दोन-तीनदा रिफ्रेश करून पाहिलं, महिनाअखेरचा रिपोर्टही लावून पाहिला, आणि खुर्चीत मागे रेलत म्हणाले, "काही म्हणा, अल्मावर आल्यापासून फास्ट झालंय."

रविवार होता. आम्हा पाचजणांखेरीज कुणीही ते वापरत नव्हतं.